न घडलेल्या चंद्रयात्रेचे दप्तर

२००५ साली व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात एका रशियन चित्रपटाला अनुबोधपटासाठी ठेवलेले पारितोषिक देण्यात आले. नव्या दिग्दर्शकाच्या पहिल्याच मोठ्या चित्रपटाचा असा गौरव व्हावा, ही आनंदाची गोष्ट खरी. परंतु या निर्णयात एक गमतीची विसंगती होती. ज्या घटनेचा वृत्तांत हा चित्रपट जुन्या चित्रफिती, सरकारी कागद आणि वृद्ध साक्षीदारांच्या मुलाखती यांच्या आधारे सांगत होता, ती घटना मुळी घडलीच नव्हती. चित्रफिती नव्याने तयार केलेल्या होत्या, कागद बनवलेले होते आणि साक्षीदार हे नट होते. चित्रपटाचे नाव ‘चंद्रावरचे पहिले’ आणि त्याचा दिग्दर्शक अलेक्सेई फेदोरचेन्को. सोव्हिएत रशियाने १९३८ सालीच, म्हणजे गागारीनच्या उड्डाणापूर्वी तेवीस वर्षे आणि अमेरिकन माणसाने चंद्रावर पाऊल ठेवण्यापूर्वी एकतीस वर्षे, चंद्राकडे माणूस पाठवला होता, अशी कल्पना करून हा चित्रपट रचलेला आहे.

कल्पनेच्या भराऱ्या मारणारे चित्रपट पुष्कळ निघतात आणि त्यांतील बरेचसे विसरलेही जातात. या चित्रपटाला वीसएक वर्षे लोटली, तरी त्याचा विचार करावासा वाटतो, याचे कारण त्याने निवडलेले वर्ष. १९३८ हे रशियाच्या इतिहासातील साधे वर्ष नव्हे. ज्या माणसांच्या हातून पुढे रशियाला अंतराळात जायचे होते, त्यांना त्याच वर्षी त्यांच्याच सरकारने तुरुंगात घातले, काहींना गोळ्या घातल्या. चित्रपटातील खोटी कहाणी आणि इतिहासातील खरी हकिगत या दोन्ही एकाच वर्षाच्या पानावर लिहिलेल्या आहेत. त्या शेजारी शेजारी ठेवून वाचल्या, म्हणजे दिग्दर्शकाच्या मनात काय होते, ते ध्यानात येते.

कहाणी आणि तिचा कॅमेरा

चित्रपटाची सुरुवात दक्षिण अमेरिकेतील चिली देशात होते. १९३८च्या मार्च महिन्यात तेथे आकाशातून काहीतरी कोसळल्याची जुनी नोंद आहे. ही अशनी होती की आणखी काही, याचा माग काढत आजचे पत्रकार रशियातील दप्तरखान्यांपर्यंत पोहोचतात आणि तेथून एका गुप्त प्रकल्पाची हकिगत उलगडू लागते. सुप्रून नावाच्या अभियंत्याच्या नेतृत्वाखाली अग्निबाण बांधला जात आहे. त्यातून जाण्यासाठी काही उमेदवार निवडलेले आहेत : इव्हान खार्लामोव्ह हा वैमानिक, नाद्येझ्दा स्वेत्लाया ही तरुणी, हनीफ फत्ताखोव्ह हा तातार तरुण आणि मिखाईल रोश्चिन हा सर्कशीतला ठेंगू. त्यांचे शिक्षण, त्यांच्या शारीरिक चाचण्या, त्यांचे हसणे-बोलणे हे सारे पडद्यावर दिसते. अखेर खार्लामोव्हची निवड होते आणि अग्निबाण उडतो. काही वेळातच त्याच्याशी असलेला संपर्क तुटतो.

येथून पुढे चित्रपटाचा सूर पालटतो. प्रकल्प फसला असे गृहीत धरून तो गुंडाळला जातो आणि त्याच्याशी संबंध आलेल्या प्रत्येकाचा माग पुसून टाकण्याचे काम गुप्त पोलीस हाती घेतात. पण खार्लामोव्ह मेलेला नसतो. तो चिलीत उतरतो, पॅसिफिक महासागर ओलांडून चीन व मंगोलियामार्गे पायपीट करीत मायदेशी येतो आणि तेथे त्याची रवानगी मनोरुग्णालयात होते. चंद्रावर जाऊन आल्याचे सांगणाऱ्या माणसाला दुसरी जागा ती कोणती असणार? तेथूनही तो निसटतो. पुढे तो सापडतो तो ठेंगूंच्या एका सर्कशीत, आणि तेही अलेक्सांद्र नेव्हस्की या रशियाच्या मध्ययुगीन वीराचे सोंग वठवताना. आपल्या देशाचा सर्वांत मोठा वीर होऊ शकला असता असा हा माणूस पोट भरण्यासाठी दुसऱ्या वीराची नक्कल करीत हिंडतो, आणि पोलीस त्याच्या मागावर असतात.

हे सारे ज्या रीतीने दाखवले आहे, ती रीत कथेपेक्षाही महत्त्वाची आहे. चित्रपटाचा बराच भाग कृष्णधवल आहे. चित्रफीत जुनाट, ओरखडे उठलेली, मधूनच उडणारी अशी वाटावी, याची काळजी घेतलेली आहे. काही भाग तिसाव्या दशकातील सरकारी वृत्तपटांसारखा दिसतो : खालून वर रोखलेला कॅमेरा, उजळलेले चेहरे, कवायत करणारे तरुण. काही भाग मात्र निराळाच आहे. तो कोणाच्या तरी खोलीत लपवलेल्या कॅमेऱ्याने टिपलेला आहे. उमेदवार एकांतात काय बोलतात, कोणाकडे पाहतात, रात्री काय करतात, हे टिपणारा हा कॅमेरा गुप्त पोलिसांचा आहे. प्रेक्षकाला आधी वाटते की, इतक्या गुप्त प्रकल्पाचे इतके चित्रण कसे काय उपलब्ध आहे? उत्तर हळूहळू कळते. ज्या राज्यात प्रत्येकावर पाळत असते, तेथे प्रत्येकाचे चित्रणही असते. जे जे घडले त्याचे चित्रण झालेच पाहिजे, आणि ज्याचे चित्रण झाले ते घडले असलेच पाहिजे, अशा अर्थाचे एक तत्त्व चित्रपटात येते. दप्तरशाहीचा याहून नेमका सिद्धांत सांगता येणार नाही. नोंद हाच पुरावा. म्हणून नोंद ज्याच्या हाती, सत्यही त्याच्याच हाती.

फेदोरचेन्को हा मूळचा अर्थशास्त्राचा विद्यार्थी. उरल पर्वतालगतच्या येकातेरिनबर्ग शहरातील स्वेर्दलोव्स्क स्टुडिओत तो आला तो आर्थिक व्यवहार पाहण्यासाठी, दिग्दर्शन नंतरचे. कागदावरचे आकडे आणि त्यांमागची वस्तुस्थिती यांत केवढे अंतर पडू शकते, हे अशा माणसाला निराळे शिकवावे लागत नसावे.

स्वप्न खोटे नव्हते

चंद्रावर जाण्याची कल्पना १९३८च्या रशियात अगदीच अस्थानी ठरली असती काय? तसे म्हणता येत नाही, आणि चित्रपटाची पकड बसते ती यामुळेच. अग्निबाणाच्या साहाय्याने पृथ्वीबाहेर जाता येईल, याचे गणित मांडणारा कोन्स्तान्तिन त्सिओल्कोव्हस्की हा कालुगा गावातला एक शाळामास्तर होता. लहानपणी आजाराने त्याची श्रवणशक्ती बरीचशी गेली होती. शाळेत गणित शिकवून उरलेल्या वेळात त्याने जे लिहिले, त्याची क्रांतीपूर्व रशियात फारशी दखल घेतली गेली नाही. क्रांतीनंतर मात्र त्याला राष्ट्रीय सन्मान मिळाला. वासिली झुराव्ल्योव्ह या दिग्दर्शकाने चंद्रप्रवासावर ‘अंतराळयात्रा’ हा मूकपट करायला घेतला, तेव्हा शास्त्रीय सल्लागार म्हणून त्याने त्सिओल्कोव्हस्कीलाच विचारले. वृद्ध शास्त्रज्ञाने प्रवाशांच्या अवस्थांची रेखाटने काढून दिली. वजनरहित अवस्थेत माणूस कसा तरंगेल, उड्डाणाच्या वेळचा दाब सोसण्यासाठी त्याला द्रवात कसे बुडवून ठेवता येईल, हे त्याने समजावून सांगितले. १९३५च्या सप्टेंबरात त्याचे निधन झाले. चित्रपट १९३६ साली पडद्यावर आला. त्यातील कथा घडते १९४६ साली, आणि चंद्राकडे निघालेल्या यानाचे नाव असते ‘इओसिफ स्टालिन’.

प्रत्यक्षातही प्रयत्न चालू होते. १९३१ साली मॉस्कोत काही तरुण अभियंत्यांनी अग्निबाणाच्या अभ्यासासाठी एक गट स्थापन केला. त्यांना एका तळघरात जागा मिळाली होती. गटाच्या आद्याक्षरांचा अर्थ ‘फुकट राबणाऱ्या अभियंत्यांचा गट’ असा आहे, अशी थट्टा ते स्वतःच करीत. १७ ऑगस्ट १९३३ रोजी त्यांचा पहिला अग्निबाण सुमारे ४०० मीटर उंच गेला. चारशे मीटर म्हणजे चंद्राच्या मानाने काहीच नव्हे. पण त्या गटाचा प्रमुख होता सर्गेई कोरोलेव्ह, आणि पुढे पहिला कृत्रिम उपग्रह व पहिला अंतराळवीर याच माणसाच्या नेतृत्वाखाली आकाशात जायचे होते.

सारे राष्ट्रच त्या काळी वर पाहत होते. ३० जानेवारी १९३४ रोजी तीन रशियन एका बलूनमधून २२ किलोमीटर उंचीवर गेले. तोवर मानव एवढ्या उंचीवर गेला नव्हता. उतरताना बलून कोसळला आणि तिघेही मरण पावले. त्यांच्या अस्थी क्रेमलिनच्या भिंतीत ठेवण्यात आल्या. मॉस्कोत त्याच वेळी पक्षाचे सतरावे अधिवेशन भरले होते. त्याला ‘विजेत्यांचे अधिवेशन’ म्हणत. त्या अधिवेशनाला आलेल्या १,९६६ प्रतिनिधींपैकी १,१०८ जणांना पुढे प्रतिक्रांतिकारक ठरवून अटक झाली, हा आकडा ख्रुश्चेव्हनेच १९५६ सालच्या आपल्या भाषणात सांगितला. १९३७च्या जूनमध्ये व्हालेरी च्कालोव्ह आणि त्याचे सहकारी उत्तर ध्रुवावरून उडत थेट अमेरिकेला पोहोचले. त्याच महिन्यात लाल सेनेचा मार्शल तुखाचेव्हस्की याला देशद्रोही ठरवून गोळी घालण्यात आली. एकीकडे आकाशातील विक्रम आणि दुसरीकडे तळघरातील बंदुका, असा तो काळ होता.

खरे १९३८

तुखाचेव्हस्कीच्या मृत्यूचा अग्निबाणांशी जवळचा संबंध होता. कोरोलेव्हचा गट आणि लेनिनग्राडमधील दुसरी एक प्रयोगशाळा एकत्र करून १९३३ साली जी संशोधन संस्था काढण्यात आली, तिचा तो पाठीराखा होता. आश्रयदाता शत्रू ठरल्यावर आश्रितही संशयित ठरले. संस्थेचा संचालक क्लेयमेनोव्ह आणि त्याचा मुख्य सहकारी लांगेमाक यांना १९३८च्या जानेवारीत एका दिवसाच्या अंतराने गोळ्या घालण्यात आल्या. दुसऱ्या महायुद्धात ‘कात्युशा’ या नावाने गाजलेल्या अग्निबाणांच्या घडणीत या दोघांचा मोठा वाटा होता. त्यांना मरणोत्तर राष्ट्रीय सन्मान मिळाला तो १९९१ साली, म्हणजे सोव्हिएत राज्याच्या अखेरच्या वर्षी. अग्निबाणाच्या इंजिनांचा तज्ज्ञ ग्लुश्को याला मार्चमध्ये अटक झाली. २७ जूनला कोरोलेव्हची पाळी आली.

त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली आणि सैबेरियाच्या अतिपूर्वेकडील कोलिमाच्या सोन्याच्या खाणीत पाठवण्यात आले. तेथे उपासमारीने व रोगाने त्याचे दात पडले. योगायोगाने तो तेथून जिवंत परतला. १९४० साली त्याला मॉस्कोत आणून तुरुंगातच चालणाऱ्या एका विमानरचना कार्यालयात कामाला लावण्यात आले. दिवसा रेखाटनाच्या फळ्यासमोर बसायचे आणि रात्री पहारेकऱ्यांच्या हवाली व्हायचे, असा तेथला शिरस्ता होता. १९४४ साली तो सुटला. निर्दोष ठरवण्यात आले ते १९५७ साली, आणि त्याच वर्षी त्याचा उपग्रह पृथ्वीभोवती फिरू लागला.

हे ध्यानात घेतले, म्हणजे फेदोरचेन्कोच्या कहाणीचा अर्थ बदलतो. १९३८ साली रशिया चंद्रावर गेला असता, तर त्या वीरांचे काय झाले असते, असा प्रश्न तो विचारतो. आणि उत्तर देतो ते इतिहासाला धरूनच. यशस्वी झालेल्या माणसालाही त्या वर्षी सुटका नव्हती. किंबहुना, जो परदेशातून एकटा परत येतो, ज्याने काय पाहिले हे कोणाला पडताळता येत नाही, तो तर सर्वांत संशयास्पद. खार्लामोव्ह चंद्रावर गेला हे खोटे. पण गेला असता तर तो मनोरुग्णालयात किंवा खड्ड्यात पोहोचला असता, हे खरे.

पुसणे आणि रेखाटणे

१९३७ व १९३८ या दोन वर्षांत राजकीय आरोपांखाली ६ लाख ८१ हजारांहून अधिक माणसांना गोळ्या घालण्यात आल्या. हा आकडा कोणा विरोधकाचा अंदाज नाही. तो गुप्त पोलिसांच्या स्वतःच्या नोंदींतून पुढे आलेला आहे. हे काम करणाऱ्या यंत्रणेत गोळी घालणारे थोडे आणि कारकून पुष्कळ होते. याद्या करणे, क्रमांक देणे, सही-शिक्का उमटवणे, आदेश अमलात आल्याची पोच जोडणे हे सारे बिनचूक चाललेले होते. ज्याचा जीव घ्यायचा त्याची फाईल मात्र जपून ठेवायची, हा या राज्याचा रिवाज. बायको-मुलांना कळवले जाई की, पत्रव्यवहाराचा हक्क नसलेली दहा वर्षांची शिक्षा झाली आहे. फाईलमध्ये एक सत्य आणि खिडकीवर दुसरे.

त्याच काळात छायाचित्रांवरही काम चालू होते. गुप्त पोलिसांचा प्रमुख येझोव्ह हा मॉस्को-व्होल्गा कालव्याच्या काठी स्टालिनच्या शेजारून चालत असल्याचे एक छायाचित्र प्रसिद्ध होते. १९४० साली येझोव्हलाच गोळी घालण्यात आली, आणि नंतरच्या छायाचित्रात त्याच्या जागी कालव्याचे पाणी दिसू लागले. जी माणसे होती, ती सरकारी चित्रकारांनी पुसली. सत्तर वर्षांनी फेदोरचेन्कोने याच कसबाचा उलटा उपयोग केला. जी माणसे नव्हती, ती त्याने चित्रफितीत आणून बसवली. पुसणाऱ्यांनी आपले काम लपवले. याने आपल्या नटांची नावे श्रेयनामावलीत दिली. दोन्हींत हातचलाखी एकच असली, तरी नैतिक फरक येथे आहे.

ही सवय स्टालिनबरोबर संपली असती, तर चित्रपट केवळ एका हुकूमशहाविषयी राहिला असता. परंतु अंतराळयुगाच्या खऱ्या आणि थोर यशातही ती मिसळलेली होती. १२ एप्रिल १९६१ रोजी गागारीन पृथ्वीला प्रदक्षिणा घालून परतला, हे निर्विवाद सत्य. पण तो यानासह जमिनीवर उतरला नव्हता. सुमारे सात किलोमीटर उंचीवर यानातून बाहेर फेकला जाऊन तो हवाई छत्रीने उतरला होता. विक्रमाच्या आंतरराष्ट्रीय नियमांना हे चालणारे नव्हते. म्हणून कागदोपत्री तो यानासह उतरल्याचे दाखवण्यात आले आणि ही गोष्ट कित्येक वर्षे लपवून ठेवण्यात आली. त्यापूर्वी वीस दिवस, प्राणवायूचे प्रमाण वाढवलेल्या चाचणीकक्षात आग लागून बोन्दारेन्को हा चोवीस वर्षांचा उमेदवार भाजून मेला होता. हे देशाला कळले १९८६ साली. नेल्यूबोव्ह हा पहिल्या तुकडीतील अग्रेसर उमेदवार १९६३ साली बेशिस्तीबद्दल काढला गेला, तर जुन्या छायाचित्रांतूनही तो नाहीसा झाला. आणि ज्याने हे सारे घडवले, तो कोरोलेव्ह? त्याचे नाव जगाला कळले ते १९६६च्या जानेवारीत तो मेल्यावर. तोवर ‘प्रावदा’तील आपले लेखही तो ‘प्राध्यापक सर्गेयेव्ह’ या टोपणनावाने लिहीत असे.

सर्वांत मोठे मौन होते ते चंद्राविषयीच. चंद्रावर माणूस पाठवण्याच्या स्पर्धेत आपण कधी नव्हतोच, असे रशिया १९६९ नंतर वर्षानुवर्षे सांगत राहिला. प्रत्यक्षात त्यासाठी एक प्रचंड अग्निबाण बांधलेला होता; त्याच्या पहिल्या टप्प्यात तीस इंजिने होती. १९६९ ते १९७२ या काळात तो चार वेळा उडवला गेला आणि चारही वेळा नष्ट झाला. १९७४ साली ते काम थांबवले गेले. ही हकिगत उघडपणे मान्य झाली ती १९८९ साली. म्हणजे रशियाचा एक गुप्त चंद्रप्रकल्प खरोखरच होता. तो फसला, गुंडाळला गेला आणि त्याचे नाव पुसण्यात आले. फेदोरचेन्कोने तीस वर्षे मागे नेऊन जे कल्पिले, त्याचा आराखडा इतिहासाने आधीच घालून ठेवलेला होता.

त्या काळी भारतातही हे नायक मोठ्या प्रेमाने स्वीकारले गेले. १९६१च्या अखेरीस गागारीन भारतात आला, तेव्हा लोटलेली गर्दी मनापासूनची होती. रशियात छापलेल्या स्वस्त मराठी पुस्तकांतून अंतराळाची पहिली ओळख झालेली एक पिढी महाराष्ट्रात आहे. १९८४ साली राकेश शर्मा रशियन यानातूनच गेले. हे प्रेम चुकीचे होते असे म्हणण्याचे कारण नाही. गागारीनचे धैर्य अस्सलच होते. पण त्या गुळगुळीत पानांवर कोरोलेव्हचे दात, बोन्दारेन्कोचे भाजलेले शरीर आणि क्लेयमेनोव्हचा खड्डा नव्हता.

एक आक्षेप

या चित्रपटावर एक आक्षेप घेता येतो आणि तो उडवून लावण्याजोगा नाही. पुरावेच बनवून दाखवायचे, तर मग खऱ्या पुराव्यावर तरी कोणी विश्वास का ठेवावा? अमेरिकन माणूस चंद्रावर गेलाच नाही, असे मानणारे लोक आजही आहेत. २००२ साली विल्यम कारेल या दिग्दर्शकाने फ्रान्समध्ये एक चित्रपट केला. चंद्रावतरणाची चित्रे स्टुडिओत काढली गेली, असे त्यात मोठ्या गंभीरपणे सांगितले होते. शेवटी ही थट्टा असल्याचे त्याने स्वतःच उघड केले, तरीही त्यातील तुकडे कित्येकांनी पुरावा म्हणून पुढे केले. आता तर यंत्राला दोन ओळी सांगितल्या की, न घडलेल्या प्रसंगाचे चित्रण काही क्षणांत तयार होते. अशा काळात खोटे दप्तर रचण्याची कला गौरवावी काय?

शिक्षकाला हा प्रश्न रोज निराळ्या रूपात भेटतो. विद्यार्थी विचारतो, पुस्तकात छापलेले खरे कशावरून? त्याला ‘छापले आहे म्हणून’ असे उत्तर देणारा शिक्षक अज्ञानापेक्षाही मोठे नुकसान करतो. छापील मजकूर, चित्र, शिक्का यांच्याकडे पाहून हे कोणी, केव्हा, कशासाठी केले, असे विचारायला शिकवणे हेच इतिहासाचे शिक्षण. फेदोरचेन्कोचा चित्रपट पाहणाऱ्याला असेच विचारायला भाग पाडतो. पहिली दहा मिनिटे प्रेक्षक फसतो. मग त्याला चुकचुकल्यासारखे होते. आणि शेवटी तो केवळ या चित्रपटाकडे नव्हे, तर ज्यांची येथे नक्कल केली आहे त्या खऱ्या सरकारी वृत्तपटांकडेही संशयाने पाहू लागतो. ते उजळलेले चेहरे, त्या कवायती तरी कितपत खऱ्या होत्या? फसवून कायमचे फसवलेले ठेवणे निराळे आणि फसवून जागे करणे निराळे.

तथापि हेही मान्य केले पाहिजे की, हा भेद कळण्यासाठी प्रेक्षकाला खरा इतिहास ठाऊक असावा लागतो. ज्याला १९३८ म्हणजे काय हे माहीत नाही, त्याला हा चित्रपट म्हणजे अग्निबाणाची एक विनोदी गोष्ट वाटेल. खोट्या दप्तराचा विनोद कळायला खरे दप्तर उघडे असावे लागते. आणि रशियात आज अडचण नेमकी येथेच आहे.

खरे दप्तर

१९८९ साली आंद्रेई साखारोव्ह आदींच्या पुढाकाराने ‘मेमोरियल’ ही संस्था उभी राहिली. स्टालिनच्या काळात मारल्या गेलेल्या माणसांची नावे गोळा करायची, फायली शोधायच्या, दफनाच्या जागा हुडकायच्या, असे तिचे काम होते. फेदोरचेन्कोचा चित्रपट निघाला तेव्हा हे काम चालू होते. डिसेंबर २०२१ मध्ये रशियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ही संस्था बंद करण्याचा आदेश दिला. पुढच्या वर्षी तिला शांततेचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. पण पारितोषिकाने दप्तरखान्याचे कुलूप उघडत नाही. नाव पुसण्याची जुनी विद्या विसरली गेलेली नाही, एवढेच त्यातून दिसले.

ज्या येकातेरिनबर्ग शहरातील स्टुडिओने हा चित्रपट काढला, त्या शहराबाहेर मॉस्कोकडे जाणाऱ्या रस्त्याच्या बाराव्या किलोमीटरवर एक स्मारक आहे. त्या दोन-तीन वर्षांत गोळ्या घालून तेथे पुरलेल्या हजारो माणसांची नावे फलकांवर ओळीने कोरलेली आहेत. त्यांत कामगार आहेत, शेतकरी आहेत, कचेऱ्यांतले लोक आहेत. चंद्रावर जाण्याचा विचारही त्यांतल्या बहुतेकांच्या मनात कधी आला नसेल. पडद्यावर खार्लामोव्हचे नाव शोधत हिंडणारे पत्रकार दूर चिलीपर्यंत जातात. ज्यांची नावे शोधायची होती ती माणसे स्टुडिओपासून थोड्याच अंतरावर होती. त्यांचे चित्रण कोणी केले नव्हते. होत्या त्या फक्त फायली, आणि त्या उघडल्या गेल्या म्हणून ती नावे दगडावर आली.